मास्तरांच्या खोलीचं बोलावणं

मार्ल्सकोमच्या शाळेत हेडमास्तर येत आणि जात. जेवणघराच्या भिंतीवर त्यांच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या होत्या आणि उकडलेला कोबी चिवडत, त्यांच्याकडे बघत पोरं मोठी होत. एक घोड्यावरून पडून गेलेला. एक इतका मारकुटा, की पोरांनी बंड करून त्याला खिडकीतून पळवून लावला. एक ग्रीक व्याकरणावर पुस्तक लिहायला बसला आणि आपल्याला शाळाही चालवायची आहे हेच विसरला. त्यांतल्या प्रत्येकाला वाटायचं, शाळा आपण चालवतो. वाटू द्यावं, त्यात कुणाचं काय जातं! शाळा चालायची ती तळमजल्यावरच्या मास्तरांच्या खोलीतून, आणि त्या खोलीत खुद्द हेडमास्तरालाही दार वाजवून उभं राहावं लागे. आतून 'या' आलं तर पाऊल टाकायचं, नाही तर आल्या पावली परत.

खोलीत विशेष असं काही नव्हतं. शेकोटी होती, दबलेल्या खुर्च्या होत्या, पाइपचा धूर होता आणि सदा उकळती चहाची किटली होती. पण आत जायची रीत मोठी. नवा मास्तर रुजू झाला की पहिल्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यानं दाराबाहेर उभं राहायचं. मग खोलीतला सर्वांत ज्येष्ठ माणूस स्वतः उठून दार उघडणार, त्याच्या कोपराला धरणार आणि आत नेणार. ज्येष्ठ म्हणजे पगारानं नव्हे, पदवीनंही नव्हे. शाळेत आधी कोण आलं एवढंच बघायचं. एकदा असं आत नेलं की तो माणूस कायमचा आतला. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यांना लिहून द्यावं लागतं ते मार्ल्सकोमचे नव्हेत, असं म्हणायचे. आणि 'मला बोलवा हो' असं आपल्या तोंडानं म्हणणं? छे! त्यापेक्षा चर्चमधली दानपेटी फोडलेली परवडली.

या शाळेत एकेचाळीस सालच्या शरदात डल्सी हॉबडे भूगोल शिकवायला आल्या. दुसरी मोठी लढाई चालू होती, भूगोलाचे मास्तर आरमारात गेले होते आणि पुरुष मिळेना, म्हणून बाई घेतली. बाप लेमिन्स्टरच्या बाजारपेठेत खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवणारा. पोरगी हुशार, ब्रिस्टलला शिकलेली, उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा चुळबुळ्या पोरगाही ताठ बसे. तेव्हाचे हेडमास्तर डॉक्टर पिनक हे पाद्री होते आणि एका कानानं ठार बहिरे. त्यांनी बाईंना दुसऱ्या कानाशी बसवून सांगितलं, "मिस हॉबडे, तुमची नेमणूक लढाई संपेपर्यंत. तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे कुणाचं मन दुखायला नको."

"ठेवीन, सर," बाई म्हणाल्या.

पहिल्या सकाळी प्रार्थना झाली आणि बाई मास्तरांच्या खोलीच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. रीत त्यांना शिपायानं सांगितली होती. आत हसणं चाललं होतं, कपबश्या वाजत होत्या. दार काही उघडलं नाही. वर्गाची घंटा झाली तेव्हा दार उघडलं, मास्तर मंडळी बाहेर पडली आणि एकेकानं टोपीला हात लावून "सुप्रभात" म्हटलं. सगळ्यांत शेवटी टॉलिव्हर आले. लॅटिन शिकवणारे, वयानं फार नव्हे पण तेव्हाचे ज्येष्ठ तेच. ते क्षणभर थांबले, लालबुंद झाले, म्हणाले, "हवा बरी आहे आज," आणि गेले.

कारण अगदी साधं होतं. तात्पुरत्या माणसाला खोलीत बोलवायची रीत नव्हती. उद्या जाणाऱ्याला आज कशाला बसवा, असा हिशेब. त्यात बाईमाणूस! पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तसं बोलणं असभ्य झालं असतं.

त्या दिवशी बाईंनी चहा घेतला तो वरच्या मजल्यावर मेट्रनच्या खोलीत. मेट्रन म्हणजे पोरांची दुखणीखुपणी आणि फाटके मोजे बघणारी बाई. तिचं नाव मिसेस गेज. नवरा कधीच गेलेला, बोलणं फटकळ, हात सदा टिंक्चर आयोडिननं पिवळे.

"नाही ना घेतलं आत?" तिनं पाहता क्षणीच विचारलं.

"तात्पुरती आहे मी."

"आपण सगळेच तात्पुरते आहोत, बाई. बस. गॅसची शेगडी धुरकट आहे, पण इथं बसायला कुणी अडवत नाही."

लढाईची वर्षं कामात गेली. नकाशावरच्या सीमा रोज हलायच्या. पोरांना शिकवलेला देश महिन्याभरात नकाशावरून जायचा आणि बाई रबरानं पुसून नव्यानं रेषा काढायच्या. पहिल्या वर्षात स्टॅनहोप लेग नावाचा एक लहानगा पोरगा होता. घरच्या आठवणीनं रोज डोळे सुजवून यायचा. बाईंनी त्याच्यापुढं नकाशा पसरला आणि शाळेपासून त्याच्या घरापर्यंतचा रस्ता त्यालाच शोधायला लावला. रस्ता सापडल्यावर पोराचं रडणं थांबलं. अशी पोरं बाईंना पुष्कळ मिळाली. बाई शिकवायच्या छान, यात शाळेत दुमत नव्हतं.

आणि लढाई संपली. सगळ्यांना वाटलं, आता बाई जाणार. भूगोलाचे आधीचे मास्तर मात्र परत आलेच नाहीत. त्यांनी माल्टातल्या एका विधवेशी लग्न करून तिथंच बस्तान बसवलं होतं. बाईंना 'जा' कुणी म्हणालं नाही. 'राहा' असंही कुणी म्हणालं नाही. नवं सत्र सुरू झालं तेव्हा बाई आपल्या वर्गात फळा पुसत होत्या, एवढंच.

इथं आता त्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सारं तिच्यापासून घडलं. ती लढाई संपली त्याच उन्हाळ्यातली दुपार होती. बाई नकाशे घेऊन जिना उतरत होत्या आणि टॉलिव्हर चढत होते. मध्यावर दोघं थांबले. टॉलिव्हरनी घसा साफ केला, चष्मा पुसला, परत घातला.

"मिस हॉबडे, तुम्हाला वर मेट्रनकडे... म्हणजे चहाच्या वेळी... बरं पडतं ना?"

"अगदी छान पडतं, मिस्टर टॉलिव्हर. आभारी आहे."

"अस्सं. अस्सं. छानच मग."

आणि टॉलिव्हर वर गेले, बाई खाली आल्या.

झालं! एवढंच. बाईंना वाटलं, माणूस सभ्यपणे विचारपूस करतो आहे, त्यावर आपण कुरकुर कशी करायची? कुणी 'बरं आहे ना' म्हटलं तर 'बरं नाही' म्हणणं ही त्या मुलखात मोठी चूक. शेगडी धुरकट आहे, मेट्रनच्या खोलीला औषधांचा वास मारतो, खालचं हसणं वरपर्यंत ऐकू येतं आणि मला तिथं बसावंसं वाटतं, हे जिन्यात उभं राहून कोण सांगेल? त्या संध्याकाळी त्यांनी मेट्रनला हे सांगितलं.

"डल्सी, तुला दुसरं काही बोलता आलं नाही?"

"काय बोलणार? विचारलं ते सांगितलं."

"अगं, भीड भिकेची बहीण! उद्या सरळ जा, दार ढकल आणि आत बस. काय करतील? उचलून बाहेर टाकतील?"

"मागून मिळालेलं बोलावणं ते बोलावणं कसलं?" बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा तुझी शेगडी बरी."

"शेगडी बरी म्हणे! चेहरा बघ आरशात," मेट्रन म्हणाली आणि फाटक्या मोज्यात सुई खुपसली.

पिनकनंतर कर्नल रॉइस हेडमास्तर झाले. शिस्तीचा माणूस, पोरांचे बूट, मास्तरांच्या मिशा, सगळं रांगेत हवं. बाईंची नेमणूक अजून तात्पुरतीच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बोलावून विचारलं, "तुमची काही तक्रार?"

"काही नाही, सर."

"मग राहू द्या. नीट चाललेली गाडी कशाला थांबवायची?" आणि गाडी आणखी बारा वर्षं तशीच चालली.

खोलीत नसण्याचा त्रास नुसता चहाचा असता तर बाईंनी तो गिळला असता. पण शाळेचं सगळं ठरायचं तिथं. कुठला पोरगा वरच्या वर्गात घालायचा, कुणाला छडी, कुणाला शाबासकी, हे शेकोटीपाशी बोलून व्हायचं. एका साली भूगोलाचे दोन तास रग्बीच्या सरावाला दिले गेले. बाईंना ते फलकावर कळलं, पोरांबरोबर. मागे उभा असलेला एक कार्टा म्हणाला, "मिस, तुम्हालाही आत्ताच कळलं?" तेव्हा मात्र बाईंच्या काळजाला लागलं. वर्गात गेल्या, दार लावलं आणि पृथ्वीचा गोल उगाच गरगर फिरवत बसल्या.

आणि खरं सांगायचं तर तासांपेक्षाही त्यांना हवं होतं ते हसणं. टॉलिव्हर लॅटिनमधून कोट्या करत आणि फ्रेंचचे ब्रॅबझन त्या हाणून पाडत. बंद दाराआडून शब्द कळत नसत, पण बाईंना दोघांचेही आवाज ओळखू यायचे. अख्ख्या शाळेत आपल्या तोडीची ही दोनच माणसं आहेत, असं त्यांचं मत होतं. त्यांच्याशी भांडायला मिळावं एवढीच इच्छा. इच्छा साधी, पण जीव त्यातच अडकलेला.

एकावन्न साली टॉलिव्हर निवृत्त झाले आणि खालच्या गावात एका लहान घरात राहू लागले. बाई एकदा संत्र्याच्या मार्मलेडची बरणी घेऊन त्यांना भेटायला गेल्या. म्हातारा आता जरा मोकळा झाला होता. नोकरी सुटली की काहींची जीभ सुटते. चहा ओतता ओतता तो म्हणाला, "एका गोष्टीचं मला वाईट वाटतं हं, मिस हॉबडे. तुम्ही आमच्यात यायला हवं होतं."

बाईंनी कप खाली ठेवला. "मला कुणी बोलावलं नाही."

"नाही कसं? मी स्वतः बोलावलं. जिन्यात. लढाई संपली त्या उन्हाळ्यात. तुम्ही नको म्हणालात."

बाईंना जिना आठवला. हातातले नकाशे आठवले. "तुम्ही विचारलंत, मेट्रनकडे बरं पडतं का."

"तेच ते!"

"तुम्ही नुसतं 'या' म्हणाला असतात तर?"

"'या' कसं म्हणणार?" टॉलिव्हर खरोखर घाबरले. "तुम्ही नको म्हणाला असतात तर केवढी पंचाईत! तुमची आणि माझीही."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण इथं ताक देणारा भांडं लपवत होता आणि घेणारीही. त्या हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते मार्मलेडच्या बरणीकडे बघत टॉलिव्हरनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मी ब्रॅबझनशी बोलतो," ते म्हणाले. "आता ज्येष्ठ तो आहे."

आणि बोललेही. माणूस शब्दाचा पक्का. पण ब्रॅबझन म्हणाले, "तिनं एकदा नकार दिलाय ना? मग परत विचारणं म्हणजे एका बाईच्या मागे लागणं. मला नाही ते जमणार." हे टॉलिव्हरनी बाईंना जड जिभेनं सांगितलं आणि त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. बाई अंत्ययात्रेत मास्तरांच्या रांगेमागून, मेट्रनबरोबर चालल्या.

कर्नलनंतर कॅथकार्ट आले. भाषणांचे भारी शौकीन. वर्षातून एकदा प्रगतीवर बोलायचे आणि पोरं घड्याळाला चावी द्यायची. तरी त्यांनी एक काम केलं, बाईंना कायम केलं. त्या दिवशी मेट्रन पळत खाली आली. "आता तर तात्पुरती नाहीस! आता बोलावतील!" बाईंनी दुसऱ्या दिवशी चांगला झगा घातला, केस जरा वर घेतले. दाराबाहेर उभ्या राहिल्या नाहीत, पण तास संपल्यावर त्या बोळातून नेहमीपेक्षा सावकाश चालल्या. ब्रॅबझन समोरून आले, टोपीला हात लावला आणि म्हणाले, "अभिनंदन, मिस हॉबडे. तुमचं आपलं बरं आहे, वर निवांत असता." मग दार त्यांच्यामागे लागलं.

त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. स्टॅनहोप लेग, तोच घरासाठी रडणारा, केंब्रिजहून गणित शिकून मास्तर म्हणून परत आला. पहिल्या सकाळी तो दाराबाहेर उभा, गळ्यातला टाय ओढतोय. बाई नकाशे घेऊन जवळून गेल्या. "सुप्रभात, मिस," लेग सवयीनं म्हणाला. तेवढ्यात दार उघडलं, ब्रॅबझननी त्याच्या कोपराला धरलं आणि आत नेलं. बाईंनी ज्याला चौदा वर्षांपूर्वी घरचा रस्ता दाखवला होता तो आत गेला. त्यालाही वाटायचं, बाईंना मेट्रनकडेच आवडतं. शाळेत सगळ्यांनाच तसं वाटायचं. इतक्या लोकांना इतकी वर्षं एखादी गोष्ट वाटत राहिली की ती खरीच होऊन बसते.

सत्तर साली दोन गोष्टी झाल्या. मेट्रन आपल्या बहिणीकडे समुद्रकाठी राहायला गेली. जाताना बाईंना मिठी मारली आणि कानात म्हणाली, "दार ढकल, डल्सी. माझं ऐक एकदा." बाई रुमालात नाक शिंकरत राहिल्या. आणि ब्रॅबझन निवृत्त झाले. नवे हेडमास्तर प्रॉसर वेल्सकडचे, तरुण, सगळं बदलायच्या मागे लागलेले. त्यांनी वरच्या वर्गात मुली घ्यायचं ठरवलं आणि रसायनशास्त्राला एक बाई नेमल्या, मिस अँथिया क्रेक. लाल केस, आखूड झगा, चालणं झपाझप.

सत्राच्या पहिल्या सकाळी प्रार्थना संपली. बाई आता चहा नकाशांच्या कोठीत एकट्याच घेत. तिकडंच निघाल्या होत्या. बोळात मिस क्रेक मास्तरांच्या दाराबाहेर उभी होती आणि आतून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं.

"मी चुकीच्या दारापाशी तर नाही ना उभी?" क्रेकनं विचारलं.

"नाही. दार हेच."

"मग उघडत का नाहीत? मला वीस मिनिटं झाली. माझ्या दिसण्यात काही आहे का?"

"तुमच्यात काही नाही," बाई म्हणाल्या. हे दार न उघडणं काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पुन्हा तेच, त्यांच्या मनात आलं. आता हिलाही वर पाठवतील, आणि वर तर आता मेट्रनही नाही.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि लेग तिरका होऊन बाहेर आला. आता त्याच्या डोक्यावर केस थोडे आणि पोट बरंच. त्यानं दार मागे ओढून घेतलं.

"मिस हॉबडे, बरं झालं भेटलात. घोडं अडलंय."

"कुठं?"

"ज्येष्ठ कोण, यावर. ब्रॅबझन गेले. लढाईनंतरचे दोघं-तिघं होते ते दुसरीकडे हेडमास्तर होऊन गेले. म्हणून मी उठलो दार उघडायला. तर म्हणाले, थांब, शाळेत आधी कोण आलं? मोजायला लागलो तर..." लेगनं कॉलर सैल केली. "तुम्ही आलात तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, मिस."

"आणि सेव्हर्न नदी स्कॉटलंडात वाहते म्हणत होता."

"होय, मिस. तर ज्येष्ठ तुम्ही. कायम झाल्यावर तात्पुरती वर्षंही धरतात, तशी रीत आहे. म्हणजे मिस क्रेकना तुम्हीच आत घ्यायला हवं. दुसऱ्या कुणी घेतलं तर ते आत आल्यात जमा नाही."

"मी स्वतःच आत नाही, लेग."

"तीच तर पंचाईत! मग म्हटलं, आधी तुम्हाला बोलवावं. पण बोलवायचा मान ज्येष्ठाचा. आणि ज्येष्ठ..."

"मीच."

"होय, मिस."

केंब्रिज, ऑक्सफर्ड शिकलेली दीडदोन डझन डोकी आत बसली होती आणि त्यांना या पेचातून वाट सापडत नव्हती! कुणी एक उठून 'खड्ड्यात गेली रीत, बाई, आत या' म्हणाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? पण नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

मिस क्रेक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या हातातली पिशवी एकदा या हातात, एकदा त्या हातात. बाईंनी ते पाहिलं. त्यांना राग आला. स्वतःसाठी इतक्या वर्षांत आला नव्हता एवढा आला.

"हे धरा," त्यांनी नकाशांची गुंडाळी लेगच्या हातात कोंबली. दाराच्या मुठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं क्रेकचं कोपर धरलं, आणि दार ढकललं.

आत सगळे उठून उभे राहिले.

खोली त्यांना वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली. शेकोटीत कोळसे नव्हते, विजेची कांडी लावलेली होती. समोरचे चेहरे जवळजवळ सगळे तरुण, त्यांतले चार तर त्यांचेच विद्यार्थी. ज्यांच्याशी भांडायला म्हणून त्यांना इथं यायचं होतं, त्यांतला एक गावच्या कबरस्तानात होता आणि दुसरा बाथ गावी बहिणीकडे गुलाब लावत होता. बाईंना एकदम कळलं, की खोली मिळाली ती माणसं गेल्यावर.

"मिस क्रेक," त्या म्हणाल्या, "या आत."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. लेग मागून आला, जरा हुशारीत. "नव्यानं पहिलं वर्ष त्या खिडकीखालच्या बाकावर बसायचं हं, मिस क्रेक. वारा लागतो तिथं, पण रीत आहे."

"चालेल," क्रेक म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "तुम्ही कुठं बसता? चुकून मी तुमची जागा घेईन म्हणून विचारते."

टाळ्या थांबल्या. एकानं पाइपमध्ये बोट घातलं आणि तिथंच ठेवलं.

"मी बसत नाही," बाई म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा आत आले."

क्रेक हसली. तिला वाटलं थट्टा आहे. मग कुणीच हसत नाही हे तिनं पाहिलं. "पण तुम्ही तर सगळ्यांत आधीच्या... कधीपासून आहात तुम्ही?"

"लढाईपासून."

"मग?"

"कुणी बोलावलं नाही."

"मिस, आम्हाला वाटायचं..." लेगनं हातातली नकाशांची गुंडाळी खाली ठेवली. "तुम्हाला वरच बरं वाटतं. ब्रॅबझन सांगायचे, तुम्ही नको म्हणालात म्हणून."

"मी नको म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा, तो खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला. "मला यायचं होतं. रोज यायचं होतं. या दारावरून जाताना रोज."

असं उघड बोललेलं त्या खोलीत त्याआधी कुणी ऐकलं नसेल. कुणाला कुठं बघावं कळेना. लेगनं शेकोटीजवळची मोठी खुर्ची ओढली. तिचे हात टॉलिव्हर आणि ब्रॅबझनच्या कोपरांनी झिजून पांढरे पडले होते. "ही ज्येष्ठांची खुर्ची. तुमची आहे, मिस. बसा. कृपा करून बसा."

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. तिच्या झिजलेल्या हातावरून बोट फिरवलं.

"नको, लेग," त्या म्हणाल्या. "माझा पहिला दिवस आहे." आणि खिडकीखालच्या बाकावर, क्रेकच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्या बसल्या, पण बाकीच्यांना बसता येईना. ज्येष्ठ माणूस वाऱ्यात नव्यांच्या बाकावर बसला असताना खुर्चीत टेकायचं कसं, याची रीत कुणाला ठाऊक नव्हती. लेगच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. कुणीतरी धांदलीनं दोन कप चहा आणून दिला. बाईंनी एक घोट घेतला, इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "साखर कुठं ठेवता तुम्ही लोक?"